झेन पुढून खाली करून घेण्याआधी

‘पुढून दोन कड्या (स्प्रिंगचे वेढे) कापा, पण गाडी कडक नको व्हायला.’ ही मागणी काउंटरवर इतक्यांदा येते की उत्तर छापूनच ठेवलं. पत्रक मारुती झेनवाल्यांसाठी आहे (1993 ते 2006 मधल्या गाड्या). जुन्या 800 ची पुढची रचना तशीच, त्यामुळे बरंचसं तिलाही लागू.

किती कड्या, हा प्रश्नच नको

कडी कापली की स्प्रिंग आखूड होते आणि ताठही होते. काम करणाऱ्या सहा कड्यांतली एक गेली तर ताठपणा साधारण 20 टक्क्यांनी वाढतो. एवढं बहुतेकांना चालतं, वळणावर आवडतंही. राइडची वाट लागते ती दुसरीकडे. शॉकअपच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) दांडीवर वरच्या टोकाला रबराचा बम्प स्टॉप असतो. गाडी खाली बसली की शॉकअपची नळी त्या रबराच्या जवळ सरकते, आणि मग प्रत्येक खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर न बसता रबरावर आदळते. गिऱ्हाईक म्हणतं शॉकअप गेला. नवीन जोडी टाकून घेतं, धडधड तशीच राहते, आणि मग ती गाडी आमच्याकडे येते. आमचा सगळ्यात जास्त वेळ याच गाड्या खातात.

म्हणून कापण्याआधी मोजा. शॉकअपवरचं धूळ-रबर वर सरकवा. दांडीला एक केबल टाय घट्ट बांधून खाली नळीच्या तोंडाला टेकवा. रोज जितकी माणसं बसतात तितकी घेऊन, रोजच्याच रस्त्याने एक फेरी मारा. परत येऊन सपाट जागी बघा: नळीने टाय ढकलत वर नेलेली असेल. टायपासून बम्प स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंत उरलं तेवढंच तुमचं भांडवल. 35 मिमी उरलं असेल तर 25 मिमी खाली करायला हरकत नाही. 15 मिमीच उरलं असेल तर स्प्रिंगला हात लावू नका. मूळ शॉकअपवर आम्ही 25 च्या पुढे जात नाही, कितीही आग्रह झाला तरी. त्याहून खाली हवी असेल तर आखूड शॉकअप आणि त्याला जुळणारी स्प्रिंग अशी जोडीच घ्यावी लागते.

‘मग रबरच अर्धं कापा’ असंही सुचवलं जातं. ते रबर आहे म्हणून शॉकअप आतून लोखंडावर लोखंड आपटत नाही आणि टायर मडगार्डला लागत नाही.

कापून आणलेली स्प्रिंग

बाहेरून कापून आणलेली स्प्रिंग आम्ही बसवत नाही, याचा काहींना राग येतो. गॅसने तापवून ‘बसवलेली’ (दबवून आखूड केलेली) असेल तर पोलादाचं पाणीच उतरलेलं असतं. ती आणखी बसते किंवा तुटते. ग्राइंडरने थंड कापलेली असली तरी एक परीक्षा आहे. गाडी जॅकवर घ्या, चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवा. फिरली, तर मोठ्या उंचवट्यावरून चाक खाली सुटताना ती ज्या वाटीत बसते त्या वाटीतून सरकू शकते. कापलेलं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलंय का, हेही बघावं लागतं.

दोन दिवस का लागतात

पंचवीस वर्षांच्या झेनमध्ये लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग बहुधा आधीच गेलेलं असतं. ते तसंच ठेवून गाडी खाली केली की दोष खाली करण्यावर येतो. पहिला दिवस यातच जातो.

बुशचे बोल्ट गाडी उचललेली असताना शेवटचे आवळले, की चाक जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आम्ही बोल्ट नुसते लावून गाडी खाली घेतो, पुढून दोन-तीनदा दाबून बसू देतो आणि मगच आवळतो. पडून काम करावं लागतं, वेळ लागतो.

दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर अलाइनमेंटला परत यायचंच. उंची बदलली की टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली, ते) बदलतो. तो स्टिअरिंगच्या टाय रॉडवर जुळवता येतो. झेनमध्ये कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवायला मात्र कंपनीची सोय नाही, त्यामुळे टायरची आतली कड थोडी लवकर झिजणार हे धरून चाला. टायरची अदलाबदल वेळेवर करा.

हेडलाइटही विसरतात. व्हीलबेस 2335 मिमी, त्यात पुढून 25 मिमी खाली म्हणजे दहा मीटरवर उजेड जवळपास 11 सेंटिमीटर खाली पडतो. तो आम्ही त्याच कामात जुळवून देतो, वेगळे पैसे नाहीत.

आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गल्लीतला कोणी मोजून बांधलेला नसतो. सोसायटीच्या उतारावर गाडी आत्ताच घासत असेल तर आम्ही नकोच म्हणू.

गाडी आणताना

डिकीतला सबवूफर काढून ठेवा किंवा रोज असतो तसाच राहू द्या, पण नंतर बदलू नका. चारही चाकांत हवा भरून आणा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू आम्ही तुमच्यासमोर मोजतो. 10 मिमीहून जास्त फरक निघाला तर एक स्प्रिंग आधीच बसलेली आहे, मग नवी जोडी लागेल. तपासणीचे पैसे कामात वळते होतात. मूळ स्प्रिंग आम्ही कापत नाही, बांधून परत देतो. गाडी विकताना नवा मालक आधी त्याच मागतो.