चुना पाण्याला, फॉस्फरस माशाला

खानदेशात शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चुना टाकलाय ना, मग कॅल्शियम मिळतंच. खाद्यात अजून मिनरल मिक्श्चर कशाला?" यातलं अर्धं खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो.

चुना पाण्यासाठी असतो. आम्लता घटवायची, सामू (पीएच) फार वर-खाली होऊ द्यायचा नाही, एवढं त्याचं काम. आपल्याकडे बोअरवर भरलेल्या तळ्याचं पाणी बहुधा आधीच जड असतं. तिथे दर महिन्याला सवयीने चुना फेकू नये, आधी सामू मोजावा. सामू चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.

कॅल्शियमचं म्हणणं मात्र बरोबर. मासा ते कल्ल्यांतून थेट पाण्यातून ओढून घेतो. फॉस्फरसचं तसं नाही. पाण्यात तो नावापुरता असतो, वर चुन्यातलं कॅल्शियम त्यालाच बांधून तळाशी बसवतं. म्हणजे तो खाद्यातूनच जायला हवा. कमी पडला तर वाढ खुंटते, अंगात चरबी साठते, कणा नाहीतर डोकं वाकडं होतं.

"सरकीच्या पेंडीत फॉस्फरस नाही का?" आहे की. पण त्यातला बराचसा फायटेट या वनस्पतींतल्या संयुगात अडकलेला, आणि तो सोडवणारं विकर (एन्झाइम) माशाकडे नाही. त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) या कुळाला जठरच नसतं. आम्ल नाही, म्हणून हाडांचा चुराही नीट विरघळत नाही. सायप्रिनसवरच्या जुन्या प्रयोगांत मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला ९४ टक्के फॉस्फरस अंगी लागला, डायकॅल्शियममधला ४६ आणि ट्रायकॅल्शियममधला फक्त १३. म्हणून गोठ्यातलं, डायकॅल्शियमवर बेतलेलं मिक्श्चर माशांच्या खाद्यात ढकलणं मला पटत नाही. कॅल्शियम फॉस्फेटचा मारा जास्त झाला तर जस्तही नीट शोषलं जात नाही. मग डोळ्यांत मोतीबिंदू, पर झिजलेले.

न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात उतरतो, शेवाळ माजतं आणि पहाटे ऑक्सिजन घसरून मासे वर येऊन तोंड वासतात. तेव्हा पोतं घेताना एकूण फॉस्फरसच्या टक्क्यावर न जाता फॉस्फेट कोणतं ते विचारा.

मातीच्या गावतळ्यात मासे विरळ असतील तर प्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, त्यांचं बरंचसं भागतं. प्लॅस्टिक अंथरलेल्या, दाट सोडलेल्या शेततळ्यात मात्र सगळी भिस्त खाद्यावर.