पितरांचे पान

पितरांचे पान : घरातून गेलेल्या माणसासाठी पितृपक्षात किंवा त्याच्या तिथीला वेगळे वाढून ठेवलेले जेवणाचे पान. यासाठी ‘पान ठेवणे’, ‘पान वाढणे’, ‘घास ठेवणे’, ‘वाडी दाखवणे’ असे शब्द घरागणिक बदलतात. कोकणातून मुंबईत आलेल्या घरांत ‘म्हाळ घालणे’ म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने हा महालय श्राद्धाचा एक भाग. मुंबईतल्या कित्येक मराठी घरांतून मात्र गुरुजी, पिंड, तर्पण हे एकेक करत सुटले आणि पान तेवढे टिकले. प्रस्तुत नोंद या टिकलेल्या भागाविषयी आहे.

भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. माणूस ज्या तिथीला गेला, पंधरवड्यातली ती तिथी त्याची. नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी. त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलावतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही आणि ज्यांचे करणारे मागे कोणी उरले नाही, त्या सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, एकीकडे घट बसतात आणि दुसरीकडे मुलीचा मुलगा आईच्या वडिलांचे स्मरण करतो. त्याला आजेपाडवा म्हणतात. गणपतीला गावी जाऊन आलेल्या चाकरमान्याची रजा तोवर संपलेली असते. त्यामुळे भावकीचा म्हाळ गावी आणि आपल्यापुरते पान मुंबईत, अशी वाटणी अनेक घरांत कायमची झाली आहे.

पानावरचे ठरलेले पदार्थ असे : तांदळाची खीर, भरडाचे किंवा उडदाचे वडे, वरणभात, कढी, लाल भोपळ्याची आणि गवारीची भाजी, कारले, अळूचे फदफदे, आमसुलाची चटणी, कुठे घारगे, कुठे काळ्या वाटाण्याचे सांबार. कांदा-लसूण बहुतेक ठिकाणी वर्ज्य; पण घराची रीतच सामिष असेल, तर मासळीही वाढली जाते. दादर-गिरगावातली पोळीभाजी केंद्रे या पंधरवड्यात श्राद्धाचा स्वयंपाक करून देतात. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात सकाळी साडेसातला हा डबा येतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

डब्यात एक गोष्ट मात्र येत नाही. ठरलेल्या पदार्थांशेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचे काहीतरी ठेवायचे असते आणि ते घरच्यांनाच ठाऊक असते. श्राद्धाच्या पोथीत या पदार्थाचे नाव सापडत नाही. कुणाच्या पानावर जिलबी असते, कुणाच्या बटाटावडा, कुणाच्या तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. नोंदकाराचे आजोबा लालबागच्या गिरणीत साचे खात्यात होते. रातपाळी करून आले की इराण्याकडचा कडक पाव चहात बुडवून खायचे आणि मगच झोपायचे. चहा काचेच्या ग्लासातून. कपातून त्यांना चालत नसे. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, तरी त्यांच्या पानावर खिरीच्या बाजूला कडक पाव असतो आणि पानाबाहेर, उजव्या हाताला, ग्लासात चहा. चहावर साय धरली तर आजी तो ओतून दुसरा करायला लावायची. आता आजीही नाही, आणि साय काढायचे काम आईकडे आले आहे.

आवड ठाऊक असायची तर त्या माणसाच्या शेजारी बसून जेवलेले असावे लागते. त्याने काय पुन्हा मागून घेतले आणि काय गुपचूप पानाच्या कडेला सारले, हे पाहिलेले असावे लागते. म्हणून हे पान मेलेल्यांसाठी असले, तरी त्याची तयारी माणूस जिवंत असतानाच झालेली असते. तिथीच्या आदल्या रात्री भांडुप, डोंबिवली, विरारमधली भावंडे एकमेकांना फोन करतात : काकांना शेवग्याच्या शेंगा आवडायच्या की आमटीतल्या वांग्याच्या फोडी? वाद होतो, कुणाला तरी एखादा प्रसंग आठवतो, आणि त्या अर्ध्या तासात काकांविषयी जेवढे बोलले जाते तेवढे वर्षभरात झालेले नसते.

आईच्या पानाशी पुष्कळ घरे अडतात. तिला काय आवडायचे, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. ती सर्वांत शेवटी बसायची आणि उरलेले खायची. पातेल्याच्या बुडाला लागलेला भात खरवडून घेताना ‘मला हाच आवडतो’ म्हणायची, आणि मुलांनी ते खरे मानलेले असते. अशा घरांत नाइलाजाने शिरा केला जातो. नोंदकाराने ओळखीच्या अनेक घरांत हा शिरा पाहिला आहे, आणि या प्रथेत त्याच्याइतके बोचणारे दुसरे काही नाही.

वाढलेले पान कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. कावळा हा पितरांचा दूत मानला जातो. त्याने घास घेतला, ‘कावळा शिवला’, की पान पोहोचले. चाळीत गच्ची असायची, तिथे पाणी शिंपडून पान मांडायचे आणि ‘काऽ काऽ’ अशी हाक घालायची. टॉवरमध्ये गच्चीला कुलूप असते. किल्ली सोसायटीच्या ऑफिसात. मग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलवर, एसीच्या डब्यावर किंवा खाली उतरून झाडाखाली पान ठेवले जाते. कबुतरे आधी येतात, त्यांना हाकलत उभे राहावे लागते. कावळा आलाच नाही तर घरातले वडीलधारे माणूस पुढे होऊन हात जोडते आणि बोलू लागते : धाकटीच्या लग्नाचे आम्ही बघतो, भावांत भांडण होऊ देणार नाही, काळजी करू नका. हा संवाद मुख्यत्वे दहाव्याच्या पिंडापाशी होतो, पण पितृपक्षातही ऐकू येतो. एरवी बापासमोर तोंड न उघडणारा मुलगा तिथे बापाशी मोकळेपणी बोलतो. एक घास गाईलाही असतो. देवळाबाहेर चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या बाईच्या गाईला तो दिला जातो.

श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात : वडील, आजोबा, पणजोबा. त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांची रूपे मानले आहे. आई, आजी, पणजीचाही उच्चार असतो, पण गुरुजींनी विचारल्यावर पणजोबांचे नाव निघते आणि पणजीचे निघत नाही. काही घरांत कपाटात जुन्या वहीच्या पानावर ही नावे लिहून ठेवलेली असतात, त्यात सासरचे नाव वर आणि माहेरचे कंसात. असा कागद नसलेल्या घराने तो आजच करावा. विचारायला घरात एखादी आजी असेल, तोवरच तो पुरा होईल.

फोटोची प्रथा पानाहून बरीच अलीकडची, पण आता दोन्ही जोडीनेच दिसतात. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पोटमाळा, शिवणयंत्र, टीव्ही आणि आठ-दहा माणसे मावत. त्यातही एक भिंत गेलेल्यांच्या फोटोंना असे. रोज ताजा हार परवडत नाही, म्हणून चंदनाच्या सालींचा हार घालतात. तिथीला मात्र दादरच्या फूलबाजारातून झेंडू-शेवंतीचा येतो. वर्तमानपत्रातल्या ‘प्रथम पुण्यस्मरण’ आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या चौकटींतही बहुधा हाच फोटो असतो : एखाद्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला.

घराबाहेर मुंबईत या विधींचे मुख्य ठिकाण म्हणजे वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये, तो बांधला गेल्याचे सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडे. सर्वपित्रीला त्याच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात.

शहरातल्या इतर समाजांच्या रीती निराळ्या आहेत. बौद्ध कुटुंबांत श्राद्ध नाही. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असते, वंदना होते आणि गेलेल्या माणसाविषयी घरचे व शेजारचे उभे राहून बोलतात. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या चैत्यभूमीवर दरवर्षी ६ डिसेंबरला लोटणारी माणसे स्वतःच्या घरातल्या बापाला यावे तशी येतात. ईस्ट इंडियन आणि इतर कॅथलिक घरे २ नोव्हेंबरला कबरी धुऊन फुले आणि मेणबत्त्या लावतात. शब-ए-बारातच्या रात्री मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात मुलांना घेऊन बाप येतात. पारशांच्या मुक्तादमध्ये वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत गेलेल्यांच्या नावाने फुलदाण्या मांडतात.

घरच्या माणसाची आठवण मुंबईने दगडातही ठेवली आहे. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचे नाव दिले. नायर रुग्णालयाचे पूर्ण नाव बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर, या डॉ. नायर यांच्या आई. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून पुढे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उभे राहिले. परळला वाडिया कुटुंबाने १९२६ मध्ये वडील नवरोसजींच्या नावाने प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये आई जेरबाईंच्या नावाने मुलांचे रुग्णालय काढले. दोन्ही शेजारीशेजारी आहेत. वडिलांच्या नावाच्या इमारतीत जन्मलेले मूल आजारी पडले की आईच्या नावाच्या इमारतीत येते.

पितरांच्या पानावरचा एक जुना आक्षेप संतांचा आहे : भुकेल्या आईबापांना घास न देणाऱ्याने मागाहून पिंड देऊन काय साधले? आक्षेप रास्त आहे. मराठी घरांत जिवंत माणसाचे कौतुक तोंडावर करण्याची सवय कमी. आईला ‘थँक्यू’ म्हटले तर ती ‘आता मला परकी केलीस का?’ असे विचारते. पण त्यासाठी दिवस नेमून दिलेले आहेत. श्रावण अमावास्येला, पिठोरीला, आई नैवेद्याचे ताट डोक्यावर धरून ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मागे बसलेले मूल ‘मी’ म्हणून ते घेते. भाऊबीजेचे ओवाळणे, साठी, पंचाहत्तरी, आणि ऐंशी ओलांडल्यावरचे सहस्रचंद्रदर्शन हेही असेच दिवस. सहस्रचंद्रदर्शनाला आजोबांची आवड विचारून बेत करतात. त्या बेताची आठवण पुढे त्यांच्या पानाच्या दिवशी उपयोगी पडते.

तिथ्यांची नोंद बहुतेक घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. डिसेंबरात नवे कालनिर्णय आणले की कुणीतरी जुने आणि नवे शेजारीशेजारी जमिनीवर पसरून बसते. दूधवाल्याचे खाडे, गॅस लावल्याची तारीख सोडून बाकी एकेक नोंद नव्या पानावर उतरवली जाते. ‘अण्णा, वद्य पंचमी’ आणि ‘चिनूचा वाढदिवस’ एकाच पेनाने, एकाच अक्षरात. वर्षभरात कुणी गेले असेल तर त्याच्या वाढदिवसापाशी हात जरा थांबतो. बरीच माणसे तो वाढदिवसही लिहून टाकतात.