चेंगराचेंगरीत कुणी पळत नसतं

मराठी वाहिन्यांवर हल्ली 'भगदड' हा शब्द सर्रास ऐकू येतो. हिंदीतून उचललेला. यात्रेत, स्टेशनवर, स्टेडियममध्ये माणसं मेली की खालच्या पट्टीवर 'भगदड' सरकत राहते आणि डोळ्यांपुढे येतात उधळलेली गुरं. माणसं धावतायत, एक पडला, बाकीचे त्याला तुडवून गेले. इंग्रजीतला 'स्टँपीड'ही मुळात गुराढोरांच्या कळपाचाच. आपल्याकडे मात्र एक अचूक शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे: चेंगराचेंगरी. मारामारी, ढकलाढकली, तसाच. यात पळणं कुठेच नाही. मी तुला चेंगरतो, तू मला चेंगरतोस, आणि दोघांनाही तिसरा कुणीतरी. गर्दीचं भौतिकशास्त्र नेमकं हेच सांगतं, म्हणून या शब्दाची बाजू घेऊन हा लेख.

फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत भीषण म्हणून सांगितली जाते ती दुर्घटना घेऊ. २४ मे १९६४, पेरूची राजधानी लिमा, तिथलं नॅशनल स्टेडियम. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत पेरू विरुद्ध अर्जेंटिना. सुमारे ५३ हजार प्रेक्षक. अर्जेंटिना १-० ने पुढे, सामना संपायला थोडीच मिनिटं उरलेली, तेवढ्यात पेरूने केलेला गोल उरुग्वेच्या पंचांनी रद्द ठरवला. एक प्रेक्षक मैदानात घुसला, मागोमाग दुसरा. या दुसऱ्याला पोलिसांनी झोडपलेलं पाहून प्रेक्षक खवळले, हाताला लागेल ते भिरकावू लागले. उत्तरात पोलिसांनी प्रेक्षकांमध्ये अश्रुधुराची नळकांडी फेकली. लोक जिन्यांकडे वळले. हे जिने म्हणजे खाली रस्त्याकडे उतरणारे बोगदेच, आणि त्यांच्या तळाशी पत्र्याचे पोलादी दरवाजे. दरवाजे बंद होते.

मृतांचा अधिकृत आकडा ३२८. त्यातले बहुतेक गुदमरून मेले, तेही त्या जिन्यांमध्ये.

आता साधा हिशोब. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी 'ग्रीन गाइड' नावाची मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६. समजा आपला जिना दोन मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब आहे. (लिमाच्या जिन्याची मापं ही नव्हेत, हिशोबाला घेतली आहेत.) वरून मिनिटाला १३२ माणसं आत शिरणार. खालचा दरवाजा उघडा असेल तर तेवढीच बाहेर पडणार, कुणाला काही कळणारही नाही. दरवाजा बंद असेल तर १३२ माणसं दर मिनिटाला ३० चौरस मीटरमध्ये साठत जाणार. पहिल्या मिनिटाअखेर चौरस मीटरला साडेचारच्या आसपास. दीड मिनिट उलटलं की सात.

सात म्हणजे किती? आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या फरश्या आहेत. अशा तीन फरश्या मिळून साधारण एक चौरस मीटर होतो. गणपतीत घर भरलेलं असताना मी तीन फरश्यांवर खडूने चौकट आखली आणि मंडळींना एकेक करून उभं केलं. चौघं आरामात मावली. पाचव्याला काका म्हणाले, "अरे, खांदा तिरका कर." सहाव्या वेळी सगळे हसत होते, पण हात खाली सोडता येईना. सातवी माझी भाची. ती आत शिरल्यावर माझी बहीण एकदम म्हणाली, "बास, मला नाही आवडत हे," आणि बाहेर पडली. बाहेर पडता आलं, कारण चौकटीच्या चारी बाजू मोकळ्या होत्या.

जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने १९९३ साली हाच आकडा नोंदवला. चौरस मीटरला सातच्या आसपास गर्दी 'माणसांची' राहत नाही, ती जवळजवळ द्रव होते. या एका वाक्याने मला गेली काही वर्षं झपाटलंय. तीन-चार माणसं असतात तोवर मधल्या फटी हाच आपला कारभार असतो. आपण पाऊल टाकतो, थांबतो, चुकवतो, 'जरा सरका हो' म्हणतो. सातला फटी संपतात. मग तुमचं शरीर बल पुढे पोचवण्याचं काम करतं, बस्स. मागच्याने दिलेला रेटा तुमच्या छातीतून पुढच्याच्या पाठीत जातो, आणि त्यात तुमचा स्वतःचा थोडा मिसळतो, कारण तोल सावरायला तुम्हीही नकळत पुढे रेलता. वीस रांगांचा रेटा असा बेरीज होत विसाव्या माणसावर येतो. पोलादी कठडे वाकलेले सापडतात ते याच बेरजेने. फ्रुइनने अशा कठड्यांवरून काढलेलं बल साडेचार हजार न्यूटनच्या वर जातं, म्हणजे साडेचारशे किलोंचं वजन आडवं टेकल्यासारखं. यात कुणी दांडगाई केलेली नसते. जिन्यावर तर आणखी वाईट: उभ्या माणसाचं वजन पायरी पेलते, पण एकदा तो पुढे कलला की त्याच्या वजनाचा काही भाग खालच्या माणसावर जातो, आणि खालचाही कललेलाच असतो.

इथे मुंबईकर हमखास विचारतो: मग लोकलमध्ये आम्ही रोज कसे मरत नाही? रास्त प्रश्न आहे. रेल्वेच्याच परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणजे चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी. हा आकडा मला पूर्ण पचत नाही, पण सातच्या वर तर नक्कीच जातो हे विरार फास्टमध्ये छाती दाबून घेतलेला कुणीही सांगेल. माझ्या मते फरक बेरजेच्या लांबीत आहे. डब्याला भिंती आहेत, मध्ये बाकं आहेत, गाडी सुटली की मागून नवीन माणूस येत नाही. रेटा दहा-बारा माणसांपलीकडे साठत नाही आणि पुढचं स्टेशन काही मिनिटांवर असतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर याच मुंबईकरांना भिंत, बाक, पुढचं स्टेशन यातलं काहीच मिळालं नाही. पाऊस म्हणून लोक जिन्यात थांबलेले, आणि दर गाडीगणिक मागून नवे येत राहिलेले. २३ जण गेले.

द्रव म्हटलं की लाटा आल्याच. २००६ साली हजच्या वेळी मक्केजवळच्या मिना इथे झालेल्या दुर्घटनेचं चित्रीकरण गर्दीचे अभ्यासक डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासलं. आधी गर्दी संथ वाहते, मग ट्रॅफिक जॅमसारखी थांबत-चालत जाते, आणि शेवटी कुठल्याही दिशेला अचानक हिसके बसू लागतात. माणूस स्वतः ठरवून एक पाऊलही टाकत नाही, तरी मीटरभर इकडे, मीटरभर तिकडे फेकला जातो. चपला पायातून निघून जातात त्या यात.

यापुढचं काम फ्रान्समधल्या लियाँच्या दनी बार्तोलो यांच्या गटाचं, २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं. त्यांनी स्पेनमधल्या पांप्लोना गावी सान फेर्मिन उत्सवाच्या उद्घाटनाला चौकात जमणारी हजारोंची गर्दी वरून चित्रित केली. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचा पुंजका एकत्र, गोल गोल, सावकाश हलू लागतो. एक फेरा सुमारे १८ सेकंदांचा. कुणी सूचना देत नाही. त्यांच्या गणितात यामागे एक विचित्र घर्षण आहे. शाळेतलं घर्षण वेगाच्या नेमकं उलट दिशेला असतं, हे किंचित तिरकं असतं, म्हणजे त्याचा एक घटक वेगाला लंब दिशेने काम करतो. तो घटक पुरेसा मोठा झाला की स्थिर अवस्था टिकत नाही, सममिती मोडते आणि घड्याळाच्या किंवा उलट दिशेचं वर्तुळ आपोआप निवडलं जातं. हे वाक्य दोनदा वाचावं लागलं तर दोष तुमचा नाही, मला ते पाच वेळा वाचावं लागलं होतं. उपयोगाची गोष्ट एवढी की जर्मनीत २०१० च्या लव्ह परेड या संगीत महोत्सवात, जिथे २१ माणसं मेली, त्या चित्रीकरणातही हाच हेलकावा त्यांना सापडला. म्हणजे गर्दी आतून किंचाळायच्या आधी वरून डोलताना दिसू शकते.

हे वाचून लगेच कुणीतरी 'गर्दीचं भाकीत करणारं एआय' विकायला येईल, त्याला आधी विचारा: दरवाजाची किल्ली कुणाकडे आहे?

आणि मरण नेमकं कशाने येतं? श्वास म्हणजे हवा ओढणं नव्हे. आधी छाती फुगते, श्वासपटल खाली सरकतं, पोट पुढे येतं, आणि मग हवा आपसूक आत शिरते. निवांत बसलेल्या माणसाच्या एका श्वासात साधारण अर्धा लिटर. या अर्ध्या लिटरसाठी छातीला आणि पोटाला जागा लागते. दाबलेल्या गर्दीत तुम्ही श्वास सोडलात की छाती आक्रसते, आणि ती बोटभर जागा शेजारच्यांची अंगं लगेच व्यापतात. पुढचा श्वास थोडा लहान, त्यापुढचा आणखी लहान. ओरडलात तर तीही हवा गेली. नाक-तोंड मोकळं असतं, समोर हवा असते आणि आत घेता येत नाही. माणूस उभ्या उभ्या बेशुद्ध होतो. खाली पडायलाही जागा नसते, म्हणून शेजारच्याला कळत नाही. अशा वेळी हात बॉक्सरसारखे छातीपुढे धरायला सांगतात, ते त्या बोटभर जागेसाठी.

तरी आपल्याला गोष्ट हवी असते. एल्फिन्स्टनला 'फूल गिर गया' कुणीतरी 'पूल गिर गया' ऐकलं, ही कथा सगळ्यांच्या लक्षात आहे. जिन्याची रुंदी कुणाच्याच नाही. स्कॉटलंडमध्ये आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ ला ६६ जण मेले. शेवटच्या क्षणी गोल झाल्यावर बाहेर निघालेले प्रेक्षक उलटे फिरले आणि दोन लोंढे आदळले, असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. चौकशीत निघालं की सगळे एकाच दिशेने, खाली उतरत होते. आणि २००५ च्या जानेवारीत वाईजवळच्या मांढरदेवीला शेकडो भाविक मेले तेव्हा देवीचा कोप म्हणणारे तर मला स्वतःला भेटले आहेत. अरुंद चढ, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची एकच वाट, एवढ्यावर देवीला कोपण्याची गरजच काय होती?

'लोक घाबरले म्हणून मेले' हाही त्यातलाच सभ्य प्रकार. लिमाच्या जिन्यात खालच्याला कळलेलं होतं की दरवाजा बंद आहे. वरच्याला फक्त डोळ्यांची आग कळत होती. दोघंही आपापल्या जागी शहाण्यासारखंच वागत होते. मधल्या शे-दोनशे माणसांतून रेटा खाली जात होता, बातमी वर येत नव्हती. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात कांजुरुहान मैदानावर पुन्हा अश्रुधूर, पुन्हा अरुंद दारं, १३५ मृत्यू. फिफाच्या सुरक्षा नियमांत तर मैदानाच्या कडेला असा वायू नेण्यालाच मनाई आहे.

त्याच वर्षी २४ जानेवारीला कॅमेरूनच्या याउंडे शहरात, ओलेंबे स्टेडियमवर, आफ्रिका चषकाचा सामना होता: कॅमेरून विरुद्ध कोमोरोस. दक्षिणेच्या प्रवेशद्वारापाशी आठ जण चेंगरून मेले. आफ्रिकी फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की जे फाटक उघडं असायला हवं होतं ते बंद होतं. सामना ठरल्याप्रमाणे झाला होता. कोमोरोसकडे धड गोलकीपर उरलेला नव्हता, म्हणून त्यांचा एक बचावपटू हातमोजे चढवून गोलमध्ये उभा राहिला, आणि त्या रात्री जगभर चर्चा झाली ती त्याने अडवलेल्या फटक्यांची.