खाट बदलताना

9 मार्च 2020. दक्षिण आफ्रिकेत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडून जेमतेम चार दिवस झाले होते. डरबनमधल्या सेंट ऑगस्टिन्स या खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात युरोपातून परतलेला एक रुग्ण आला. लक्षणं कोरोनाची होती. त्याला वेगळ्या खोलीत नेलं, पण तिकडे जायची वाट अत्यवस्थ रुग्णांच्या कक्षातून होती. त्याच वेळी त्या कक्षात पक्षाघाताची शंका असलेला दुसरा रुग्ण होता. दोघांना तपासणारे डॉक्टर एकच. युरोपातून आलेला रुग्ण तिथे काही तासच होता.

पुढच्या आठ आठवड्यांत या रुग्णालयाशी संबंधित 39 रुग्ण आणि 80 कर्मचाऱ्यांना लागण झाली. 15 रुग्ण दगावले. क्वाझुलू-नाताल प्रांतात तोवर झालेल्या कोरोना मृत्यूंपैकी हे निम्मे होते.

रिचर्ड लेसेल्स, युनूस मूसा आणि तुलियो द ऑलिव्हेरा या तिघा संशोधकांनी या साखळीचा माग काढला. गावात संपर्क शोधताना आपण माणसाला विचारतो, कुठे गेला होतास, कोणाला भेटलास? रुग्णालयातला रुग्ण कुठेच जात नाही. त्याच्याकडे माणसं येतात, आणि त्याची खाट हलवली जाते. म्हणून इथे शोधायचं असतं ते केसपेपरमध्ये, ड्युटीच्या रजिस्टरमध्ये आणि वॉर्डाच्या नकाशावर.

ही पद्धत दिसायला साधी आहे. प्रत्येक रुग्णासाठी कागदावर एक आडवी पट्टी काढायची. खाली तारखा. रुग्णाचा वॉर्ड बदलला की पट्टीचा रंग बदलायचा, ताप आला त्या दिवशी खूण करायची. एकट्या पट्टीतून काहीच कळत नाही. वीस पट्ट्या एकाखाली एक लावल्या की दिसतं, हे चौघं त्याच तीन दिवसांत त्याच वॉर्डात होते. मग त्या पाळ्यांना कोण होतं ते बघायचं. मला हा कागद कुठल्याही महागड्या यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

डरबनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णाला 13 मार्चला ताप आला. त्याच्यापासून एका परिचारिकेला आणि आणखी चार रुग्णांना लागण झाली असावी, असं संशोधकांनी मांडलं. 17 मार्चला त्या परिचारिकेला लक्षणं दिसू लागली. तोवर रुग्णाबाबत कोणाला शंका का आली नाही? कारण त्या काळात पहिला प्रश्न परदेश प्रवासाचा असे, आणि हा रुग्ण कुठेही गेलेला नव्हता. इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. 2020 मधल्या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जात, फार तर चौदा. त्यामुळे दाखल होऊन चौदा दिवस उलटल्यावर लक्षणं आली, तर लागण रुग्णालयातच झाली असं धरतात. आठ ते चौदा दिवसांत आली तर तशी दाट शक्यता मानतात.

तरी पट्ट्या फक्त शक्यता सांगतात. विषाणू एकच होता का, हे त्याच्या जनुकीय मजकुरावरून तपासलं. कोरोना विषाणूचा मजकूर सुमारे 30 हजार अक्षरांचा असतो आणि महिन्याला त्यातली सरासरी दोनेक अक्षरं बदलतात. बाहेरून वेगवेगळ्या वाटांनी विषाणू आले असते, तर नमुन्यांत जास्त फरक दिसले असते. इथले नमुने जवळजवळ सारखे निघाले. सगळी साखळी एकाच शिरकावातून वाढली असावी.

एका रुग्णाकडून थेट शेजारच्या रुग्णाला लागण होण्यापेक्षा कर्मचाऱ्यांचे हात, रक्तदाबाचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप यांतून प्रसार जास्त झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. हवेतून होणाऱ्या प्रसाराचं महत्त्व पुढे जगभर जास्त स्पष्ट झालं, त्यामुळे आज हा भाग जपून वाचायला हवा. खाटांच्या हलवाहलवीचा मुद्दा मात्र तसाच ठाम आहे. विषाणू किमान पाच वॉर्डांत पोहोचला. त्याखेरीज एका वृद्धाश्रमात आणि आवारातल्या डायलिसिस केंद्रातही. डायलिसिसचे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतात, तासन्‌तास बसतात आणि घरी जातात. विषाणूला याहून सोयीची ये-जा कुठली?

एप्रिल 2020 मध्ये मुंबईतही परिचारिकांना लागण झाल्यावर मोठी खासगी रुग्णालयं प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावी लागली होती. तेव्हा लागण झालेल्या सिस्टरकडेच बोट दाखवणारे खूप होते, याचा मला आजही राग येतो. घसा दुखतोय हे सांगितल्यावर पगार कापला जाणार असेल किंवा सगळ्यांसमोर बोलणी बसणार असतील, तर कोण सांगेल? आणि तिने सांगितलंच नाही, तर तिची पट्टी कोरीच राहते.

डरबनच्या संशोधकांनी रुग्णालयाचे लागणीच्या धोक्यानुसार हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग पाडायला आणि कर्मचाऱ्यांची नियमित चाचणी करायला सुचवलं. माझ्या मते त्याच्या जोडीला रोज सकाळी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरसमोर, म्हणजे संसर्ग रोखण्याचं काम पाहणाऱ्या परिचारिकेसमोर, सगळ्या वॉर्डांतल्या नव्या तापांची एकच यादी हवी. त्यात दाखल झालेला दिवस, त्यानंतर बदललेल्या खाटा, आणि आदल्या आठवड्यात आजारी म्हणून रजेवर गेलेले कर्मचारी. वॉर्डातले मामा आणि मावशीसुद्धा.