कुरणातली खनिज-कमतरता: प्रयोगशाळेत तपासणीसाठी अर्ज कसा करावा

चरायला जाणारी गुरे हाडे किंवा माती चघळू लागली, काळ्या केसांवर तांबूस झाक आली, पोटभर चरूनही कालवडी माजावर येईनात, तर कुरणात एखादे खनिज कमी असण्याची शक्यता असते. अंदाजाने खनिज मिश्रण सुरू करण्याआधी पशुरोग निदान प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घ्यावेत.

अर्ज कळपाचा मालक किंवा कळप सांभाळणारा करू शकतो. गवत आणि पाण्याचे नमुने त्याने स्वतः घेतले तरी चालतात. रक्त आणि यकृताचा तुकडा मात्र पशुवैद्यकानेच काढायचा. अर्जावर त्याची सहीही घ्यावी.

सोबत जनावरांची यादी जोडा: बिल्ला क्रमांक, वय, गाभण की दुभते. आधीपासून खनिज मिश्रण देत असाल तर त्याच्या पिशवीवरचे लेबलही लावा; नाहीतर अहवालातले आकडे कुरणाचे की मिश्रणाचे, हेच कळत नाही.

अर्जातला सर्वांत मोलाचा रकाना आजाराच्या हकीकतीचा. ‘जनावर खंगले’ एवढ्यावर थांबू नका. त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, वासरांना की गाईंना, गवत हिरवे होते की वाळलेले, हे लिहा. गवत पिकून वाळले की त्यातला स्फुरद (फॉस्फरस) घटतो. दक्षिण आफ्रिकेत 1920 च्या सुमारास पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांनी दाखवून दिले, की स्फुरदाच्या भुकेने गुरे सडकी हाडे चघळतात आणि त्यातल्या बॉट्युलिझमच्या (जिवाणूंमुळे होणाऱ्या, अंग लुळे पाडणाऱ्या आजाराच्या) विषाने मरतात. म्हणून गुरे हाडे चघळत असतील तर ते ठळक नोंदवा.

गवत कापताना कळपाच्या मागे चाला. गुरे जे खातात तेच, ती तोडतात त्याच उंचीवर, 15–20 ठिकाणांहून घ्या. मुळासकट उपटू नका, कारण माती लागली की लोह आणि कोबाल्टचे आकडे फुगतात. नमुना कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये ओल्या गवताला बुरशी येते.

जस्ताच्या तपासणीसाठी रक्त साध्या रबरी बुचाच्या नळीत नको, कारण बुचातलेच जस्त रक्तात उतरते. सूक्ष्म खनिजांसाठीची गडद निळ्या बुचाची नळी मागा. तांब्याचा साठा यकृतात असतो. तो बराच संपेपर्यंत रक्तातले प्रमाण ठीकच दिसते, म्हणून तांब्याची शंका असेल तर यकृताची तपासणी मागावी. गवतात तांब्याबरोबर मॉलिब्डेनम आणि गंधकही मोजायला सांगा, पाण्यात सल्फेट. तांबे पुरेसे असूनही हे घटक ते अंगी लागू देत नाहीत. अहवाल हाती येईपर्यंत मेंढ्यांना गाईंचे मिश्रण मुळीच देऊ नका. गाईंना मानवणारे तांबे मेंढ्यांना विषारी ठरू शकते.

कोवळ्या, लुसलुशीत गवतावर चरणारी गाय अचानक थरथरून कोसळली, तर अर्ज बाजूला ठेवून पशुवैद्यकाला तातडीने बोलवा. मॅग्नेशियमच्या कमतरतेत काही तासांतही जनावर दगावते. दगावलेच तर त्याच्या डोळ्यातला द्रव पशुवैद्यकाकडून लवकरात लवकर काढून घ्या. मृत्यूनंतर मॅग्नेशियमच्या तपासणीत रक्तापेक्षा तोच जास्त विश्वासार्ह असतो.