बघून ओलांडला, तरीही

मुंबई-गोवा महामार्गावर कित्येक ठिकाणी वाडी रस्त्याच्या एका अंगाला, तर एस.टी.चा थांबा, शाळा किंवा बाजार दुसऱ्या अंगाला आहे. अपघात झाला की पहिला प्रश्न पादचाऱ्यालाच विचारतात, "बघून ओलांडता येत नाही?" हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो, कारण बघूनही चूक होते.

आपला डोळा वेग थेट मोजत नाही. समोरून येणारी गाडी किती झपाट्याने मोठी दिसू लागते, त्यावरून मेंदू अंदाज बांधतो. समजा, दोन सारख्याच गाड्या तुमच्यापासून ५ सेकंदांवर आहेत. ताशी ४० किलोमीटरने येणारी सुमारे ५५ मीटरवर असेल, ८० ने येणारी ११० मीटरवर. पोचायला वेळ तेवढाच. पण दुसरी दुप्पट लांब असल्यामुळे लहान दिसते, आणि त्या क्षणी तिचा आकार निम्म्याच गतीने वाढतो. म्हणजे जास्त धोक्याची गाडी डोळ्याला जास्त निवांत भासते! लहान मुलांचं तर आणखी अवघड. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं, की ताशी ३२ किलोमीटरपेक्षा वेगात असलेली गाडी जवळ येते आहे, हेच प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही.

आता हिशेब करा. दोन मार्गिकांची रुंदी ७ मीटर. गुडघे धरलेल्या आजीला त्याला ७ सेकंद लागतात. तेवढ्यात ८० ची गाडी दीडशे मीटर पुढे येते.

चालकाची बाजूही पाहू. ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद जातो असं धरलं, तर ४० ने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर साधारण २० मीटरमध्ये थांबते. ६० ची गाडी त्याच जागी अजून ताशी ५५ ने धावत असते, कारण ब्रेक दाबेपर्यंतच्या त्या सेकंदात तिने जवळजवळ १७ मीटर कापलेले असतात, शिवाय ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट. ही गणितं कोरड्या रस्त्याची. आषाढातल्या पावसात, लाल चिखल आलेल्या वळणावर ती आणखी बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धडकेचा वेग ५० वरून ६५ झाला, तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

पांढरे पट्टे आणि पाटी यांनी वेग फारसा उतरत नाही. गावातल्या रस्त्यावर ओलांडायची जागाच फूटपाथइतकी उंच केली, तर गाडीला हळू व्हावंच लागतं. महामार्गावर ते चालणार नाही. तिथे वाडीच्या तोंडाशीच भुयारी वाट हवी, पावसाळ्यात पाणी न तुंबणारी आणि डोक्यावर टोपली घेऊन जाता येईल एवढी उंच.