आंब्याने गळवं येत नाहीत
मे महिन्यात दादरहून हापूसची पेटी घरी आली की सासूबाई हमखास बजावतात, "पोरांना दोनच फोडी द्या, उष्णतेने गळवं येतील." गळू होतं ते बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस जिवाणूमुळे. मुंबईच्या दमट हवेत मुलं दिवसभर खाली खेळतात, अंगभर घामोळं येतं, खाजवून कातडी सोलते आणि जंतू आत शिरतात. आंब्याचा त्यात दोष नाही. देठाजवळचा चीक मात्र खरंच झोंबतो. साल चोखून माझ्या लेकीच्या ओठांभोवती लाल पुरळ उठलं होतं. म्हणून देठ कापून चीक निथळू द्या, आंबे नीट धुऊन घ्या. मुलांची नखं कापा, खेळून आली की अंघोळ घाला. गळू वाढलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. घरी पिळू नका.